बिनहाताची खुर्ची

मी राहू गावातल्या ज्योतिबांच्या ओसरीवरची खुर्ची बोलतेय. अंग बाभळीचं. यवतच्या सुतारानं मला घडवलं तेव्हा मला दोन रुंद हात होते. म्हाळसाबाईंचे गुडघे दुखू लागले, म्हणून नवऱ्यानं, म्हणजे ज्योतिबांनी, मला हौसेनं घरी आणलं.

तरुणपणी मेंढरांमागं कोसच्या कोस चाललेली ही बाई माझ्यात बसली, ती बसूनच राहिली. चहा हातात, शिरा हातात. चार वर्षांत मी कुरकुरू लागले. शेजारची अनसाबाई म्हणायची, "वैनी, तब्येत सुधारली की तुमची!" म्हाळसाबाई खुशीत हसायच्या. मलाही ते खरंच वाटायचं.

पण उठताना सगळा भार माझ्या हातांवर यायचा. त्यांच्या मांड्या नुसत्या थरथरायच्या. उकिडवं बसून शेळ्यांची धार काढणं तर कधीच सुटलं होतं. शेवटी मुलगा सुरज म्हणाला, "आये, धार काढायला कोन न्हाई. आता शेळ्या इकून टाकू."

त्या दिवशी म्हाळसाबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर मुलाला म्हणाले, "डॉक्टरीनबाई म्हनल्या, वाढलीय ती चरबी. मांड्यांतलं मांस उलट झडलंय. रोज धा येळा हात न लावता खुर्चीतनं उठायचं. शिरा बंद, मटकी आन् अंडी चालू. दोन महिनं थांब, सुरज."

"ह्या वयात कुठलं मांस भरतंय?" म्हाळसाबाई पुटपुटल्या.

"सत्तरीतबी भरतंय, म्हनल्या त्या."

पण त्यांचे हात आपोआप माझ्या हातांवर यायचे. तिसऱ्या दिवशी ज्योतिबांनी करवत काढली.

"अवो, चांगली खुर्ची हाय की!"

"बायकूबी चांगली हाय," ते म्हणाले, आणि माझे दोन्ही हात कापले.

पहिल्यांदा त्या अर्ध्यावरून धपकन खाली बसल्या. ज्योतिबा समोर हात पसरून उभेच होते. आठवड्यानं त्या दोनदा उठल्या, महिन्यानं सहादा. मग दहा.

दोन महिने भरले. सुरज दावं घेऊन गोठ्यात गेला, तर आई शेळीपाशी उकिडवी बसलेली. तांब्या भरला. स्वतःच्या मांडीवर हात टेकून त्या सावकाश उभ्या राहिल्या.

"मग बाजाराचं काय, आये?"

"जा की बाजारला. येताना शेळ्यास्नी खायला ढेप आन."

आता मी बहुतेक वेळ रिकामीच असते. पाहुणे विचारतात, खुर्ची मोडली का? मोडले नाही, मी कामाला आले. तुमच्या घरी दोन हातांची खुर्ची असेल, तर म्हातारं माणूस उठताना त्याचे हात कुठं जातात, तेवढं बघा.