पलटवलेलं स्प्रॉकेट

"पोरी, नवी चेन जुन्या दातांवर टिकत नसते. दोन्ही बदलले का, हे आपल्या डोळ्यानं पाहून घेजो," असं शेजारच्या नत्थूजींनी सांगितलं, तेव्हा सोनिका नुसती हसली होती. नत्थूजींची तीस वर्षं कोळसा खाणीत, माल वाहणारा पट्टा ओढणाऱ्या चेन दुरुस्त करण्यात गेलेली. म्हाताऱ्याला पोळीच्या काठालाही दाते दिसतात, असं ती घरात येऊन नवऱ्याला म्हणाली. रजतही हसला. बाईकला पूर्ण सेट नवा टाकलाय, म्हणाला. मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, काळं कुळकुळीत दिसतही होतं.

बाळाच्या औषधावरची तारीख तीनदा वाचणारी एम.एस्सी. झालेली बाई ती. पण नवऱ्याचं बोलणं तपासावं, असं काही तिच्या मनात आलं नाही.

तीन आठवड्यांनी मनीषनगरच्या पुलावर चढताना चेन कटकटली, दातांवरून उडाली आणि मागच्या चाकात अडकली. गाडी आडवी झाली. दोघांच्या मधे बसलेली अडीच वर्षांची लेक गोपिका सोनिकानं कवटाळली म्हणून वाचली. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला.

रजत गुडघ्याला पट्टी बांधायला दवाखान्यात गेला, तेवढ्यात नत्थूजींनी अंगणात चाक उघडलं. स्प्रॉकेटवरचा काळा रंग नखानं खरवडला.

"चक्रावरचा नंबर बाहेर पाहिजे. हा आत काहून आहे?"

मग त्यांनी समजावलं. चेनच्या ओढीनं दात एकाच बाजूनं झिजतात. तेच चक्र पलटवलं की न झिजलेली बाजू पुढं येते, नव्यासारखं दिसतं, पण दात आतून बारीकच झालेले असतात.

"पार्ट येईपर्यंत आम्हीबी हे करत होतो, पोरी. पण त्या पट्ट्यावर कोळसा जाय, लेकरू नाही."

सोनिका तशीच गोपिकाला कडेवर घेऊन, सेट जिथं बसवला त्या अपूर्वच्या गॅरेजवर गेली. हा रजतचा शाळेपासूनचा मित्र. पोळ्याच्या पुरणपोळ्या तिच्याच हातच्या खाऊन गेलेला. रस्ताभर तिनं त्याच्यासाठी शिव्या जुळवल्या होत्या. त्यानं हात पुसले, पण मान वर केली नाही.

"वहिनी, नवा सेट मी काढून ठेवला होता. रजतच म्हणाला, चेन तेवढी नवी घाल, चक्र पलटवून टाक, वरून रंग मार. सोनिकाले काय समजते."

संध्याकाळी रजतनं नाकारलंही नाही. सगळेच करून राहिले, एवढं काय त्यात, म्हणाला.

"गोपिका मधे बसते, हे तेव्हा आठवलं होतं का?" तिनं विचारलं.

तो पट्टीची गाठ सोडवत बसला. दुसऱ्या दिवशी तेच चक्र पुन्हा बसवून तो बुटीबोरीच्या कारखान्यात ड्युटीवर गेला, आणि सोनिका गोपिकाला घेऊन प्रताप नगरला, आईकडे.

पंधरा दिवस झाले. त्याचे फोन ती उचलत नाही. फक्त रात्री तो ऑनलाइन दिसला की फोन उलटा ठेवते आणि मगच जेवायला बसते.

तेव्हा वर्धा रोडनं जाणाऱ्यांनो, एवढं करा. सकाळी आठच्या सुमारास बुटीबोरीकडे निघालेला, निळ्या बाईकवरचा, डावा गुडघा जपत बसलेला माणूस दिसला तर त्याला थांबवा. मागच्या चाकाशी वाकून एकदा बघा. सोनिकानं पाठवलं, असं मात्र सांगू नका.