उल्कावीराचं हसू

उल्कावीर कधी रागावला नाही. बेचाळीस वर्षं, दर आठवड्याला त्यानं पडत्या इमारती तोलून धरल्या, एकेका दैत्याची हाडं खिळखिळी केली, पण ओठांवरचं हसू काही ढळू दिलं नाही. वाचक म्हणायचे, काय ही हिंमत! हिंमत कसली डोंबलाची. ते हसू दादांच्या सोयीचं होतं, एवढंच.

दादा म्हणजे 'उल्कावीर' या साप्ताहिक चित्रकथेचे चित्रकार. कचेरीत शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना दादाच म्हणायचे. हाताखालची माणसं रस्ते काढत, ढग काढत, उल्कावीराचे दंड-पोटऱ्याही काढत, पण चेहऱ्याची जागा कोरी सोडून पानं दादांच्या टेबलावर आणून ठेवत. चेहरा दादांचा. त्यातही तोंड सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक ब्रशनं, श्वास रोखून. एकदा एका नवख्या चित्रकारानं हौसेनं नुसते डोळे काढून ठेवले, तर दादांनी त्याला असा फैलावर घेतला की बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी कामच सोडलं.

कारण तो चेहरा त्यांच्या धाकट्या भावाचा होता. सव्विसाव्या वर्षी स्कूटरवरून ट्रकखाली गेला तो. चेहरा त्याचा, हे दोघांनाच ठाऊक होतं, दादांना आणि आईला. दर गुरुवारी ताजा अंक न उघडता, तसाच घडी घातलेला, दादा आईकडे न्यायचे. पहिली नजर तिची, असा नियमच होता. आई आता नव्वदीला टेकलेली. उशीखालचं भिंग काढायची, शब्दांकडे ढुंकूनही न बघता चेहरा तेवढा शोधायची आणि म्हणायची, "हसतोय." तो एक शब्द ऐकला की दादांचा आठवडा हलका जायचा.

पुढे कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी नवी संपादिका पाठवली. तिशीची, डोक्यानं तल्लख, जिभेनं गोड.

"दादा, आजच्या मुलांना हा पटत नाही हो," ती म्हणाली. "समोर शहर जळतंय आणि हा हसतोय! मुलं विचारतात, याला कुणाचं काही वाटतं की नाही?"

दादांना मिरच्या झोंबल्या. तिनं पुढे केलेल्या चित्रात नव्या नायकाला डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुळगुळीत शिरस्त्राण होतं. चेहराच नाही! आईला काय दाखवायचं, शिरस्त्राण?

"आयत्या बिळावर नागोबा," दादा पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "काय वाटेल ते बदला. कपडे बदला, शहर बदला, त्याचं लग्न लावा नाहीतर त्याला संन्यास द्या. चेहऱ्याला हात लावायचा नाही. तसं लिहून द्या, मगच मी हक्क सोडायच्या कागदावर सही करतो."

सहीवाचून त्यांचं अडत होतं, कारण मूळ चित्रांवर हक्क दादांचा होता. संपादिकेनं दोन दिवस विचार केला आणि चक्क लिहून दिलं: उल्कावीराच्या चेहऱ्यात कोणताही बदल केला जाणार नाही. दादांनी ते वाक्य तीनदा वाचलं. खूश होऊन सही ठोकली आणि वर चेहऱ्यांचा सगळा गठ्ठाही देऊन टाकला. समोरून, बाजूनं, मान वळवलेला, वर बघणारा, आणि सगळीकडे हसणारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी म्हातारा मोहीम जिंकल्यासारखा घरी आला.

"आई, मी घरी बसलो आता. पण चेहरा तोच राहणार बरं का."

"बरं," आई म्हणाली.

नवा अंक गुरुवारी आला. नियमाप्रमाणे दादांनी तो उघडला नाही, सरळ आईच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. मुखपृष्ठावर शिरस्त्राण घातलेली एक मुलगी होती. ही नवी नायिका. आईनं ते उलटलं. दहा पानं उलटली. अकराव्या पानावर शहर जाळणारा खलनायक तोंडावरचं फडकं खाली ओढत होता, आणि त्या फडक्याखाली उल्कावीर होता. दात आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या, भुवया एकमेकींना भिडलेल्या.

आईचं भिंग तिथंच थांबलं.

 दादांनी तिथल्या तिथं संपादिकेला फोन लावला. "अहो, लाज नाही वाटत? लिहून दिलं होतंत तुम्ही मला!"

"दादा, चेहरा बदललाय का सांगा," ती शांतपणे म्हणाली. "नाक, डोळे, हनुवटी, रेघ न् रेघ तुमच्या गठ्ठ्यातली आहे. हसू ठेवायचं असं कुठं लिहिलं होतं?"

 बेचाळीस वर्षं चेहरा आणि हसू ही दोन वेगळी कलमं आहेत, हे दादांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ठेव तो फोन," आई म्हणाली.

तिनं पानावरून बोट फिरवलं. "हा बघ. आत्ता आला. दारातून जाताना असाच होता."

 तो दिवस दादा कधी आठवत नसत. उल्केवरून उतरलेल्या माणसाची गोष्ट धाकट्याची होती. नावही त्यानंच सुचवलेलं. पहिला अंक हातात घेऊन तो आला होता आणि म्हणाला होता, "दादा, यावर नाव तुझं एकट्याचंच?" त्यावर दादा म्हणाले होते, "चार गप्पा मारल्या म्हणून लेखक झालास का रे? आयत्या बिळावर नागोबा!" धाकट्यानं दात आवळले, स्कूटर काढली आणि गेला.

"तू... तू ऐकलं होतंस?"

"भिंतीपलीकडेच तर होते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"एक गेला होता. दुसऱ्याला बोलून त्यालाही घालवू?" आईनं भिंग पुसलं. "तू दर गुरुवारी त्याला हसवून आणायचास. मी म्हणायचे, हसतोय. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. माझा मुलगा नव्हता रे तो."

दादा रडू लागले. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. उशीखालचे जुने अंक एकेक करून बाहेर काढले, त्यांच्या मांडीवर ठेवले आणि नवा अंक उशीखाली सारला. मग काहीतरी आठवून तो परत काढला.

"हे कुणी काढलं रे? नाव दिलंय का त्याचं आत?"

दादांनी पहिलं पान उघडलं. कथा, चित्रं, रंग, अक्षरं, नऊ माणसांची नऊ नावं.

"दिलंय," ते म्हणाले.

"बरं केलं," आई म्हणाली. "ज्याचं असेल त्याचं नाव द्यावं."