गॅलरीतली चटई

संकष्टी होती. दुबईजवळच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये कुमुद उपवासाच्या डब्यांसाठी साबुदाण्याची खिचडी परतत होती आणि तिचा नवरा बापू डबे पुसून देत होता. मंदीत बापूंची कंत्राटं बंद पडली, स्वयंपाकाची बाई गेली, आता घर या डब्यांवर चालत होतं. त्यांची चौदा वर्षांची मुलगी अंतरा मात्र गॅलरीत चटईवर बसून होती. वेगळं ताट, वेगळा पेला. तिला पाळी आली होती. इतकी शिकलेली ही माणसं, पण या एका बाबतीत खापरपणजीच्या पुढे सरकली नव्हती आणि वर त्याचा त्यांना अभिमान होता!

दारावरची बेल वाजली. संत्र्यांची पिशवी घेऊन इमानोल उभा होता. अंतराचा फुटबॉल कोच.

हा स्पेनचा माणूस. तरुणपणी तिथल्या एका लहानशा क्लबकडून बचावफळीत खेळायचा. मोठ्या क्लबची माणसं सामना बघायला येणार, म्हणून त्याने दुखरा गुडघा सगळ्यांपासून लपवला आणि भर मैदानात कोसळला. पुन्हा कधी खेळला नाही. कोच झाल्यावर त्याने मुलांना एकच नियम घालून दिला. काय दुखतंय ते सांगा, मी सांभाळून घेईन. खोटं बोललात तर टीममध्ये जागा नाही. तेजीच्या दिवसांत दुबई मरीनाजवळच्या एका अकादमीने त्याला बोलावून घेतलं होतं. आता तीच बंद होत होती. मायदेशी जाता जाता तो मुलींची टीम आपल्या गावच्या स्पर्धेला नेणार होता. तिथे चमकलेल्या मुलीला त्याचा जुना क्लब शिकायला ठेवून घेणार होता. ती मुलगी अंतराच, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण ती दर महिन्याला सराव बुडवायची आणि घरून फोन यायचा, ताप आहे. आज संध्याकाळी निवडीचा सामना, आणि सकाळीच पुन्हा तो फोन!

“व्हेरी हाय फीवर, सर,” बापू दारातच म्हणाले.

इमानोलने गॅलरीकडे पाहिलं. अंतरा पायाखाली चेंडू घोळवत होती. तो काळजीने पुढे झाला आणि तिच्या कपाळाला हात लावायला वाकला.

“नो, सर! डोन्ट टच!” कुमुद स्वयंपाकघरातून ओरडली. हा तिला शिवून घरभर फिरला तर डब्यांचं काय?

इमानोलचा हात तसाच राहिला. तो हळूच म्हणाला, “अंतरा, यू टेल मी. फीवर?”

अंतराने आईकडे पाहिलं. आईने डोळे वटारले.

“येस, कोच. फीवर.”

त्याने संत्री चपलांच्या कपाटावर ठेवली आणि तो निघून गेला. संध्याकाळी टीम जाहीर झाली. अंतरा तिच्यात नव्हती.

“जाऊ दे गं, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला,” बापू म्हणाले. पुढचं वर्ष कुठलं! टीम घेऊन इमानोल गेला तो परत आलाच नाही आणि अकादमीला कुलूप लागलं. पोर बिचारी कुणाशी बोलेना.

पुढे एका एकादशीला अंतरा शाळेतून आली, तर कुमुद पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून वरीचे तांदूळ शिजवत होती.

“आई, यू हॅव युअर पिरियड्स?”

“हळू बोल, बाबा आहेत!”

“बट यू आर कुकिंग.”

“मग डबे कोण देणार? पोट आहे आपलं त्याच्यावर. देव घेतो समजून.”

“बाबा नोज?”

बापू डब्यांची झाकणं लावत होते. सगळं ठाऊक असल्यासारखं त्यांनी घाईने पुढचं झाकण दाबून बसवलं.

“देन व्हाय नॉट माय मॅच, आई?” अंतराला रडू फुटलं.

कुमुदने गॅस बंद केला. गॅलरीतली चटई गुंडाळली, खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर येताच फोन उचलला.

“अहो, सरांचा नंबर सांगा.”

“परक्या पुरुषाला हे काय सांगणार तू?”

“खरं सांगणार.”

तो दुबईचा नंबर केव्हाच बंद झाला होता. आधी अरबीत, मग इंग्रजीत तेच तेच ऐकू येत राहिलं. तरीही कुमुद फोन कानाला धरून, बापूंच्या समोर, मोठ्याने म्हणाली, “सर, माझ्या मुलीला ताप नव्हता. तिला पाळी आली होती.”

एवढंच बोलायचं होतं. वाचकहो, तुमच्या घरात ते कोण बोलणार आहे, आणि कधी?