पगारवाढीचे पेढे

पेढे संपले, तरी जयवंताबाईंचं सांगणं संपलं नव्हतं. बरकतपुऱ्याच्या त्या गल्लीत एक दार म्हणून त्यांनी सोडलं नाही. अठ्ठ्याण्णव साली प्राध्यापकांचा संप महिनाभर चालला, सरकार नमलं, नवे पगार मंजूर झाल्याचं सकाळीच रेडिओनं सांगितलं. आपली सून युनिव्हर्सिटीत शिकवते म्हटल्यावर पेढे वाटायला कुणाला विचारायचं?

"घ्या इंदुताई. आमच्या शिवराजचा कारखाना बंद पडून तो घरी बसला तेव्हा हळहळलात ना? आता माझ्या सुनेची तनखा बघा!"

"हौ बाई, नशीब काढलंत," म्हणत समोरच्या इंदुताईंनी एकाऐवजी तीन उचलले.

घरी परततात तो ओसरीवर दिगंबरराव बसलेले. सुनेच्या, मेधाच्या विभागातले सगळ्यांत मोठे प्रोफेसर. पण जयवंताबाईंनी त्यांना गौलीगुड्याच्या वस्तीत बाहीला शेंबूड पुसताना पाहिलेलं. त्यांच्या लेखी तो दिगूच. मेधा त्यांना चहा देत होती.

"काय दिगू, पगाराआधी पोटच वाढलं की रे!"

दिगंबरराव हसले. "काकू, मेधाकडे काम होतं. संपाच्या दिवसांचाही पगार मिळतोय आम्हाला, पण सरकारनं अट घातली. बुडालेले तास रविवारी घ्यायचे. मला हा बीपीचा त्रास. म्हटलं, माझे तास मेधा घेईल."

"घेईल की. वरचे पैसे मिळतील ना तिला?"

दिगंबरराव बशीत बघू लागले. शेवटी मेधाच म्हणाली, "त्या तासांचे पैसे सरांना मिळालेत, आत्याबाई."

"आणि तुला?"

"मला तासावर मिळतात. तास झाला तर पैसे. संपात तास झाले नाहीत, पैसेही नाहीत. आणि ही वाढ पक्क्या लोकांना आहे. आम्हाला नाही."

मेधा पार्टटाइम आहे हे जयवंताबाईंना ती लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. पण पार्टटाइम म्हणजे अर्धा दिवस काम नि पुरी तनखा, असाच त्यांचा समज. सून दुपारी घरी येते, स्वयंपाकाला हाताशी असते, याहून चांगली नोकरी कोणती? संपात ती रोज नारायणगुड्याला जाई, ती सभेला जाते असं त्यांना वाटे. ती जात होती शिकवण्या घ्यायला.

"दिगू, तू काय शिकवतोस?"

"गणित."

"आणि ही?"

"गणितच, काकू."

"मग तुझ्या गणितात दोन नि दोन पाच होतात का रे?"

"जमाना बदलला, काकू. सरकार जागाच भरेना. मी रिटायर झालो की माझी जागाही रद्द होणार, तिथं असेच तासावरचे लोक येतील. आम्ही काय करणार?"

"संप करणार! स्वतःपुरता. हिच्यासाठी एक दिवस मांडवात बसला असतास, तर काय झिजलं असतं तुझं?"

"पुढल्या वेळी मागणीत घालू."

"पुढल्या वेळी तू पेन्शनीत असशील. जा, रविवारी तूच जा."

"मी जाईन," मेधा म्हणाली.

"काहून? हा पुढल्या वर्षी तुला घेणार नाही म्हणून?"

"ते आहेच. पण पोरांची परीक्षा जवळ आलीय, आत्याबाई. संपात त्यांच्या बाजूनं कुणीच नव्हतं."

अर्धा चहा तसाच ठेवून दिगंबरराव उठले.

ते गेल्यावर मेधा हळूच म्हणाली, "गल्लीत कुणाला कळायचं नाही. राहू द्या."

"न कळायला मी काय चोरी केलीय?"

पदर खोचून त्या निघाल्या. पुन्हा तीच दारं, या खेपेला रिकाम्या हातानं.

"इंदुताई, पगार वाढला तो दिगूचा. आमच्या मेधाला तासाचे पैसे, नि रविवारचे तेही नाहीत. मी अडाणी, उगी नाचले."

"अगं बाई! मग ते पेढे?"

"गोड होते ना? पचवा."

रविवारी मेधा सकाळीच गेली. त्या घरात आधी पुरुष जेवत, मग जयवंताबाई, आणि उरलंसुरलं पुसून घेत शेवटी मेधा. दुपारी शिवराज स्वयंपाकघरात डोकावला.

"आई, वाढ की."

"थांब. घरचं कर्तं माणूस यायचंय."

"कर्तं? आज तर फुकट गेलीय ती."

"म्हणूनच थांब."

मेधा आली तेव्हा उन्हं कलली होती. जयवंताबाईंनी भिंतीशी पाट मांडला होता, त्यांचे यजमान हयात असताना बसत त्या जागी. पुढ्यात वाढलेलं एकच ताट. मेधा दारातच थबकली.

"बघतेस काय? हात धू. भात निवला."

मेधा मोरीवर गेली. खडूचे हात धुवायला तिनं फार वेळ लावला.