अमेरिकास्थित वर

आमच्या समाजाच्या वधूवर परिचय मेळाव्यात माईक कायम माझ्याच हातात असतो. बँकेतून निवृत्त झालोय, आवाज खणखणीत आहे आणि फुकट कामाला दुसरं कुणी मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेचं कसं चाललंय हे कळायला मला पेपर लागत नाही. पूर्वी मी 'मुलगा अमेरिकेत' असं म्हटलं की मुलींच्या आया मागच्या रांगेतून उठून पुढं येत. मुलगा ठेंगणा असो, टकला असो, अमेरिकेपुढं सगळं माफ. मग तिकडच्या बँका बुडाल्या. दोन हजार नऊच्या मेळाव्यात अमेरिकेचं नाव घेतलं तर लोक निवांत पोह्यांवर लिंबू पिळत होते. भाव वधारला होता तो पुण्यातल्या खराडीच्या आयटी कंपन्यांचा.

हे सगळं दिसत असूनही त्या मेळाव्यात मी धाकट्या बहिणीचं, विमलचं ऐकलं. तिच्या सौरभची तिकडची नोकरी गेली होती आणि तो कायमचा परत आला होता. सोसायटीत ती 'सुट्टीवर आलाय' म्हणून सांगायची आणि कुणी विचारू नये म्हणून त्याला भाजी आणायलाही खाली पाठवायची नाही. व्हिसा मिळाला तेव्हा तिनं याच लोकांना पेढे वाटले होते ना.

"दादा, नुसतं अमेरिकास्थित म्हण," मेळाव्याच्या सकाळी ती म्हणाली. "लग्न ठरू दे, मग सांगू."

"कधी? वरातीत?"

तिचे डोळे भरले. मग मी 'बरं' म्हणालो.

सौरभच्या आधी कल्याणी नावाची मुलगी बोलून गेली. खराडीच्या कंपनीत टीम लीड. आई नाही, घरी वडील एकटे. "मला पुणं सोडायचं नाही. बाकी काही अपेक्षा नाहीत," एवढंच म्हणाली. ती जागेवर जाऊन बसेपर्यंत सौरभ तिच्याकडं बघत होता. मला फार बरं वाटलं.

आणि तरीही त्याची पाळी आल्यावर मी, शहाण्यानं, माईकवर 'अमेरिकास्थित' म्हटलंच. सौरभनं नाव आणि शिक्षण सांगितलं आणि मान खाली घालून तो स्टेजवरून उतरला.

जेवणाच्या सुट्टीत विमल मला ओढतच कल्याणीच्या वडिलांकडं, बापूरावांकडं घेऊन गेली. गृहस्थ सरळ होते.

"मुलगा चांगला वाटला हो. पण अमेरिका नको," ते म्हणाले. "तिथला साहेब उद्या जा म्हणाला की चालले बॅगा भरून. त्यापेक्षा आमची खराडी बरी. आणि मुलीचं म्हणणं ऐकलंतच की तुम्ही." जयभीम करून त्यांनी मुलीला हाक मारली आणि दोघं दाराकडं निघाले.

विमल पांढरी पडली. ज्या अमेरिकेसाठी ती घरातल्या घरात पोराला लपवत होती, तीच त्याच्या आड आली होती. मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. स्टेजवर गेली आणि तिनं माईक उचलला. आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती माझी बहीण.

"माझा सौरभ अमेरिकेत नाही," ती म्हणाली. "त्याची नोकरी गेली. दादाची चूक नाही, मीच खोटं बोलायला लावलं." "माझा मुलगा घरी आलाय."

दारात बापूराव थांबले. कल्याणीही थांबली.

सौरभ ताट तसंच ठेवून उठला. स्टेजवर येऊन त्यानं आईच्या हातातून माईक घेतला आणि मान वर करून म्हणाला, "जयभीम. मी सौरभ. पुण्यात राहतो."