पहिल्या तारखेला जिवंत

पहिली वीट आली तेव्हा मी रविवारची भाजी ढवळत होते. नुकते चर्चमधून आलो होतो, डोक्यावरची टोपीही काढली नव्हती मी. वीट पुढच्या खोलीची मोठी काच फोडून आत आली आणि टेबलावरच्या मक्याच्या पावात रुतली. माझ्या सासूबाई हॅटी शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या कापसाच्या शेतात सगळी उमर घालवलेली बाई, विटेला काय घाबरणार! त्यांनी आधी विटेकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"काय रे क्लीओफस? या गल्लीत आपले अकरा जण आधीच राहतात म्हणालास ना? मग ही वीट त्यांनीच पाठवली का?"

"ममा, खाली वाक!"

"ते माझ्या गुडघ्यांना सांग."

माझा नवरा विद्यापीठाच्या एका कचेरीत मोजणीचं काम करायचा. देशातलं एकेक मोठं शहर घ्यायचं, त्यातली एकेक गल्ली घ्यायची, तिथे गोरे किती, काळे किती ते जनगणनेतून काढायचं आणि शेवटी अख्ख्या शहराला मिळून एक आकडा द्यायचा. दर शंभर काळ्यांमागे किती जणांनी आपला बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या गल्लीत जावं म्हणजे सगळीकडे सारखी मिसळण होईल, तो हा आकडा. आमच्या सरोवराकाठच्या शहराचा आकडा नव्वदीच्या पुढे होता. क्लीओफस म्हणायचा, "एर्नी, नव्वद जण हलायचे तेव्हा हलतील. आपण तिघं हलू." दहा वर्षांनी जनगणना आली होती. या खेपेला आपण काळ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे शहराने आम्हाला नेमून दिलेल्या दाटीच्या वस्तीत, मोजले जाणार नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पट्ट्यात एका घराचे सहा तुकडे करून आम्हाला एक तुकडा मिळाला होता आणि न्हाणीघर पाच कुटुंबांत एकच होतं. त्यामुळे मीही हो म्हटलं. उगाच सगळं त्याच्या माथी मारत नाही.

गल्ली त्याने कागदावरून निवडली. जुन्या जनगणनेत तिथे आपले अकरा काळे लोक होते. दोनदा जाऊन बघूनही आला. आपली एक बाई बाबागाडी ढकलत होती, एक माणूस दारापुढचा बर्फ काढत होता. "बघ, राहतात की!" म्हणाला. बाबागाडीत बाळ कुणाचं होतं ते बघायला मात्र तो विसरला. हुशार माणसं अशी का असतात, देव जाणे.

आम्ही गुरुवारी राहायला आलो. शुक्रवारी एक एप्रिल, मोजणीचा दिवस. नव्या जागी शेजाऱ्यांकडे काहीतरी गोड घेऊन जायची आमची रीत आहे. मी रताळ्याचे केक केले आणि त्या अकरा जणांना शोधायला निघाले. एका इमारतीत विचारलं, दुसरीत विचारलं. प्रत्येक ठिकाणी मला मागच्या बोळात पाठवलं आणि प्रत्येक ठिकाणी पायऱ्या खाली जात होत्या. तळघर, इमारत गरम ठेवणारा बॉयलर, आणि बॉयलरला लागून खाट. दोन मोलकरणी तेवढ्या वर माळ्यावर होत्या, तेही मागच्या जिन्याने. काळ्यांना घर विकायचं नाही असे करार या गल्लीत पूर्वी होते ना, त्यातच लिहिलेलं असायचं, नोकरांची हरकत नाही म्हणून. माणसं काही बदलली असतील, पण आजही अकराच होते, आणि अकराही नोकर.

सगळ्यात शेवटी समोरच्या इमारतीच्या तळघरात डीकन पर्विस भेटले. साठीचा उंच माणूस, आपल्याच एका चर्चचे डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस. इमारतीतले सगळे त्यांना जॉन म्हणायचे.

"जॉन आधीच्या माणसाचं नाव," ते केक खाता खाता म्हणाले. "बॉयलरबरोबर तेही माझ्याकडे आलं. माझं नाव आयझेया."

"डीकन, आम्ही पुढच्या दाराने आलोय. मालक म्हणून."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "ते कळलं, बेटा. सकाळपासून वर कुणी धड बोलत नाहीये."

घरी येऊन मी क्लीओफसला सगळं सांगितलं. त्याने जुन्या जनगणनेचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "आता मोजणीवाला येईपर्यंत हलायचं नाही. नंतर बघू." मला तेव्हाच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर त्या घराच्या स्वयंपाकघरात ऊन यायचं, आणि मलाही हलायचं नव्हतं.

रविवारी पहिल्या विटेमागून दुसरी आली, मग दुधाच्या बाटल्या, मग कोळशाची ढेकळं. मी पडद्याआडून पाहिलं तर रस्ता माणसांनी भरलेला. चर्चच्या कपड्यांतले बाप्ये, हातमोजे घातलेल्या बायका, खांद्यावर पोरं. कुणीतरी आमच्या पायऱ्यांवर रॉकेल ओतलं. दोन पोलीस मोटारीला टेकून सिगारेटी ओढत होते. कुंपणच शेत खात होतं, दाद मागायची कुणाकडे?

"निघा, काळ्यांनो! नाहीतर भाजून काढू!"

तेवढ्यात समोरच्या बोळातून डीकन आले. अंगात कामाचा डगला, हातात राखेची बादली आणि फावडं. सरळ आमच्या पायऱ्यांकडे आले आणि रॉकेल पेटू नये म्हणून त्यावर राख पसरायला लागले. इतकंच केलं त्यांनी. ना शिवी दिली, ना कुणाकडे पाहिलं. वीस वर्षं ते या लोकांच्या दारातला बर्फ काढत होते, त्यामुळे गर्दीला क्षणभर काय करावं सुचेना.

"अरे, हा आपला जॉन आहे!" एक बाई ओरडली.

"आता कसला आपला!" कुणीतरी म्हणालं, आणि त्यांच्याच हातातली बादली हिसकून त्यांच्या तोंडावर मारली.

मग झुंबड उडाली. मी माणसं मारताना आधीही पाहिली होती, पण अशी नाही. एकाने पाय धरले, बाकीच्यांनी लाथा घातल्या. राखेचं फावडं कुणाच्या तरी हाती लागलं. फावडं खाली यायचं तेव्हा ओली गोणी आपटल्यासारखा आवाज यायचा. एक म्हातारा पुढे आला, काठीने डीकनचा हात दाबून धरला आणि मागच्याला म्हणाला, "मार आता." याच म्हाताऱ्याला डीकन रोज सकाळी वर्तमानपत्र नेऊन द्यायचे.

क्लीओफस दार उघडून बाहेर धावला. मी त्याचा सदरा धरला, तो माझ्या हातात फाटला. त्याने फावडंवाल्याला खाली पाडलं, दुसऱ्याच्या नाकावर डोकं आपटलं, आणि मग कुणीतरी लोखंडी नळी त्याच्या जबड्यावर मारली. हाड मोडल्याचं मला दारातून ऐकू आलं. मी ओट्यावरचं लाटणं घेऊन धावले. कुणाला मारलं, किती मारलं, मला आठवत नाही. एका बाईचा कान फुटला एवढं आठवतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आम्हाला वाचवलं सासूबाईंनी. गुडघे दुखणारी ही बाई उकळतं पातेलं घेऊन वरच्या मजल्यावर चढली कशी, ते तिचं तिलाच माहीत. खिडकीतून सगळी भाजी, डुकराच्या हाडांसकट, खालच्या गर्दीवर ओतली. लोक किंचाळत मागे पळाले. तेवढ्या वेळात मी आणि क्लीओफसने डीकनना काखेत धरून आत ओढलं.

"हाडं वाया गेली," सासूबाई वरून म्हणाल्या आणि जिन्यातच बसून रडायला लागल्या.

भाजलेल्या गोऱ्यांना न्यायला रुग्णवाहिका दोन आल्या. आमच्याकडे एकही आली नाही. आपला एक डॉक्टर पट्ट्यातून लपत छपत आला, त्याने क्लीओफसचा जबडा तारेने बांधला आणि डीकनकडे पाहून नुसती मान हलवली. सोमवारी गल्लीतल्या सगळ्या घरमालकांनी तळघरं आणि माळे रिकामे करून घेतले. बाकीचे दहा जण गाठोडी घेऊन मागच्या बोळातून गेले. मंगळवारी सकाळी डीकन आमच्या पुढच्या खोलीत वारले. शेवटपर्यंत माझा हात धरून बॉयलर विझला का विचारत होते.

गुरुवारी जनगणनेचा माणूस आला. गोरा, तरुण, मास्तरासारखा दिसणारा. खिडक्यांवरच्या फळ्या बघून दारातच थबकला. आम्ही तिघांची नावं सांगितली. क्लीओफस तारेतून दात न उघडता बोलत होता. ज्या क्षणासाठी त्याने हे सगळं केलं तो क्षण आला आणि गेला, त्याच्या डोळ्यांत काहीच हललं नाही.

"आणखी एक," तो माणूस म्हणाला. "तळघरांतली माणसं. मालक म्हणतात, आता कुणी राहत नाही. पण नियम असा आहे की पहिल्या तारखेला जो जिवंत होता आणि जिथे राहत होता, त्याला तिथेच धरायचं. तुम्हाला काही माहीत असेल तर..."

"लिहू नका," क्लीओफस म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले.

"एर्नी, ते अकरा आणि आपण तिघं लिहिले की ही गल्ली छान मिसळलेली दिसेल. दहा वर्षं कचेऱ्यांत हाच आकडा फिरणार. माझ्यासारखा कुणी मूर्ख तो बघेल आणि बायकोला, आईला घेऊन इथे येईल." प्रत्येक शब्दाला त्याच्या ओठांतून लाळ आणि रक्त येत होतं. "तळघरं रिकामीच लिहू देत. निदान खरं दिसेल."

चूक नव्हतं त्याचं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डीकन जिवंत होते तेव्हा तू त्यांना आकडा समजलास," मी म्हटलं. "आता मेल्यावर तोही खोडतोस?"

मोजणीवाला टोपी हातात फिरवत होता. क्लीओफसने पुढच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मग तो भिंतीला टेकला.

"पर्विस," तो म्हणाला. "आयझेया पर्विस. जॉन नाही. पहिल्या तारखेला जिवंत."

बाकीच्यांची नावं मी सांगितली. केक घेऊन मी दारोदार गेले होते ना, मला सगळी पाठ होती. तळघरातला रॉस्को, त्याची बायको विली मे, माळ्यावरची ऑडेसा, बाबागाडीवाली क्लोटिल्ड. दहाच्या दहा सांगितली. तो एकेक लिहीत गेला. जाताना त्याने हळूच विचारलं, "तुम्ही राहणार आहात इथे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नंतर बघू, असं तोच म्हणाला होता. ते नंतर आता आलं होतं.

"आकडा खोटा आहे," क्लीओफस तारेतून म्हणाला. "त्यातलं जे काही खरं उरलंय ते आम्ही तिघंच. दहा वर्षांनी या. दार मी उघडेन."

मोजणीवाला पायऱ्या उतरला. राखेचा डाग अजून तिथेच होता, तो चुकवून गेला. समोर दोन-चार माणसं जमायला लागली होती. सासूबाईंनी फळीच्या फटीतून ती पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"एर्नेस्टीन, भाजी चढव. आणि पाणी जास्त ठेव."

मी मोठं पातेलं काढलं.