ध्वनीच्या यादीत नसलेली काकू

घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूचा आवाज गेला, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ती कीबोर्डवर टाईप करते आणि कॉम्प्युटरला जोडलेला विटेएवढा एक डबा तिच्या वतीने बोलतो. त्या डब्याला आपली भाषा कुणी शिकवलेली नाही. कवळी घरी विसरून आलेल्या हेडमास्तरांसारखा तो प्रत्येक शब्द चावत बसतो. पण काकांच्या लेखी तोच काकूचा आवाज. काकांना नऊ वर्षांपासून दिसत नाही, उजव्या डोळ्याला खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. त्यामुळे चिठ्ठ्या-चपाट्यांचा उपयोग नाही. दोघांचं सगळं बोलणं, म्हणजे बहुतेक भांडणंच, त्या डब्यातूनच व्हायचं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. मी त्यांची पुतणी, ऑफिसात सर्व्हर सांभाळते, म्हणून खानदानातल्या सगळ्या वायरी माझ्याच गळ्यात. मागे नऊ पिनांचं जुन्या पद्धतीचं सॉकेट असलेला कॉम्प्युटर मी शोधून आणला, डबा जोडला. डबा ढिम्म. मग तात्पुरती सोय म्हणून नवीन, गोड, शहाण्या बाईचा आवाज घालून दिला. काका त्या आवाजाशी अदबीने बोलायला लागले. "तुम्ही चहा घेतलात का?" बायकोला! काकूने तो आवाज त्याच दिवशी बंद केला.

एरवी मी म्हटलं असतं, बघू सावकाश. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं तर कदाचित दिसेल, नाहीतर आहे तो उजेडही जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. काका म्हणाले होते, "ती सांगेल तसं." आणि नेमकी तीच गप्प झाली होती.

"काकू, तू कागदावर लिही, मी वाचून दाखवते," मी म्हटलं. तिने कागद घेतला आणि लिहिलं, 'मध्ये तू नको.'

"बरोबर आहे तिचं," कागदावर काय आहे ते न विचारताच काका म्हणाले. "तिचं मला तिच्याकडूनच ऐकायचंय."

आज रविवार. सकाळी नऊला मी कर्नल उघडून बसले. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. कुठलं यंत्र ओळखायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, याची हजारो नावांची यादी त्याच्याकडे असते. नावापुढे खूण केली की त्या यंत्राला घरात प्रवेश. डब्यावरचं लेबल काकांच्या बोटांनी घासून कधीच गेलं होतं, त्यामुळे नाव घालून शोधायची सोय नव्हती. एकेक दालन उघडून बघायचं.

डबा बोलतो, म्हणून मी 'ध्वनी'त शिरले. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेलेली, त्यांना यादी ऐकायला भारी मजा येत होती.

"आता काय आलं?"

"पियानोसारख्या पेट्या."

"त्या नकोत. तिला गाणं कधीच जमलं नाही."

मागून काकूने त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

दुपार झाली. ध्वनी संपला, वायरींची सॉकेटं संपली, गेम खेळायचे दांडके झाले, माउसचे नाना प्रकार झाले. माझं डोकं फिरलं होतं. ही यादी करणाऱ्यांना अक्कल म्हणून नाही, असं मी मोठ्याने म्हटलं. काकूने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"वगळलंस काय काय?" काकांनी विचारलं. "लाइन सापडली नाही की आम्ही आधी तेच बघायचो."

वगळलेलं एकच दालन होतं. अपंगांसाठीच्या सोयींचं. त्याच्यापुढे खूण केलेली नव्हती, आणि दालनापुढेच खूण नसली की आतली नावं दिसतसुद्धा नाहीत. सकाळपासून चार वेळा मी त्याच्यावरून पुढे गेले होते. काकूला आमच्या घरात कुणी कधी अपंग म्हटलेलं नाही. ती भांडकुदळ आहे, हट्टी आहे, पत्त्यांत लबाडी करते. त्या दालनात तिचं काही असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मला एकदम रडू आलं. वाईट कशाचं वाटलं आणि बरं कशाचं, ते वेगळं करता येईना.

खूण केली. आत बोलणाऱ्या डब्यांची दहा-बारा नावं निघाली. आपला कुठला ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच प्रवेश दिला आणि कर्नल नव्याने बांधायला लावला. त्याला पाऊण तास लागला. मग एकेक नाव लावून बघितलं. पहिली तीन मुकीच निघाली. चौथ्याला डब्यातून खरखर आली आणि तो कवळीविना म्हणाला, "तयार."

काका ताठ बसले. "आली," ते म्हणाले.

काकूने मला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली.

"अहो," डबा म्हणाला. "ऑपरेशन करून घ्या."

"बरं," काका म्हणाले. इतकंच. सबंध आठवडा ज्याच्यावर अडला होता, तो निर्णय एका शब्दात झाला.

काकू टाईप करतच होती. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"पण आधीच सांगून ठेवते," डबा बोलला. त्याला रडता येत नाही, लाजता येत नाही, सगळं तो एकाच पट्टीत वाचतो. "तुम्ही मला शेवटचं बघितलंत तेव्हा माझे केस काळे होते. आता मी तशी राहिलेली नाही. बघून गप्प बसू नका."

काका उठले. टेबलाची कड चाचपत तिच्यापर्यंत गेले. कीबोर्डवरचे तिचे दोन्ही हात त्यांनी शोधले आणि आपल्या हातात घट्ट धरले. आता तिला एक अक्षरही बोलता येणार नव्हतं. तिने हात सोडवून घेतले नाहीत.